कुत्र्या-मांजरांच्या मूत्राशयातील बुरशी

खेड्यातल्या घरात कुत्रा किंवा मांजर कोणी चैन म्हणून पाळीत नाही. कुत्रा खळ्यावर राखण करतो. मांजर भाताच्या कणगीभोवती उंदरांचा बंदोबस्त ठेवते. मुरबाड-शहापूरकडच्या गावांतून हेच दिसेल आणि उल्हास नदीकाठच्या आमच्या शहाडसारख्या गजबजलेल्या वस्तीतही दर चाळीला आपला म्हणून एक कुत्रा असतोच. ही सारी बिनपगारी चाकरमाणसं. पण बैल आजारी पडला म्हणजे घरात जी धावपळ होते ती यांच्या वाट्याला येत नाही. त्यातून दुखणं लघवीचं असलं तर ते चटकन ध्यानातही येत नाही.

त्याची लक्षणं अशी. कुत्रा घडोघडी पाय वर करतो, पण लघवी थेंब-दोन थेंबच होते. कुत्री असली तर पुन्हा पुन्हा बसते आणि कण्हते. मांजर नेहमीची जागा सोडून चुलीपाशी, अंथरुणावर, कुठेही लघवी करते आणि मागचा भाग सारखा चाटीत राहते. लघवी गढूळ होते, तिला दर्प येतो, कधी रक्ताची लाली दिसते. घरातली मंडळी म्हणतात, “खोड लागली, हाणा त्याला.” वास्तविक ती खोड नसते, ते दुखणं असतं.

अशा दुखण्याचं कारण पुष्कळदा बॅक्टेरिया हे सूक्ष्म जंतू असतात. कुत्र्यांत तर बहुधा तेच. त्यांच्यावर प्रतिजैविक औषधं, म्हणजे आपण ज्यांना अँटिबायोटिक म्हणतो ती, चांगली लागू पडतात. पण कधी कधी असं होतं, की औषधाचा एक फेरा झाला, गुण नाही. दुसरा झाला, गुण नाही. तिसरं महागडं औषध आणलं, तर दुखणं उलट बळावलं. अशा वेळी जाणता पशुवैद्य औषध बदलण्याऐवजी लघवी सूक्ष्मदर्शक यंत्राखाली धरतो. मग एखाद्या जनावराच्या लघवीत त्याला बॅक्टेरिया न दिसता वेगळेच गोल गोल कण दिसतात. ती असते बुरशी. हे दुखणं क्वचितच आढळतं. मूत्रमार्गाच्या शंभर विकारांत एखादं सुद्धा नसेल. मग दुर्मिळ गोष्टीसाठी आपला वेळ का घ्यावा? कारण ही बुरशी आपल्याला एक मोठा धडा शिकविते. ती सहसा आपल्या बळावर येत नाही. कोणीतरी दार उघडं टाकलेलं असतं म्हणून येते. आणि ते दार पुष्कळदा आपणच उघडतो.

बुरशी आपल्याला अनोळखी नाही. पावसाळ्यात चपलांवर पांढरट थर येतो, झाकण नीट न लावलेल्या लोणच्यावर पांढरी साय धरते, शिळ्या भाकरीवर हिरवे-काळे ठिपके पडतात. सकाळची गोड नीरा दुपारपर्यंत फसफसून तिची ताडी होते, तेही बुरशीच्याच एका जातीचं काम. या जातीला यीस्ट किंवा किण्व म्हणतात. किण्वाची प्रत्येक पेशी स्वतंत्र असते. तिच्या अंगावर एक फुगवटा येतो, तो वाढतो आणि त्यातून दुसरी पेशी होते. फड्या निवडुंगाच्या एका फड्याला दुसरा फडा फुटतो ना, तसंच हे. कधी या पेशी एकमेकींपासून सुट्या होत नाहीत, तेव्हा त्यांची लांबच लांब माळ तयार होते.

कुत्र्या-मांजरांच्या मूत्राशयात जी बुरशी सापडते ती बहुतेक याच घराण्यातली. तिचं नाव कॅन्डिडा. तिच्या अनेक जाती आहेत. त्यांतली कॅन्डिडा अल्बिकन्स ही सर्वांत जास्त आढळते. ही बुरशी काही बाहेरगावाहून आलेली नसते. जनावराच्या तोंडात, आतड्यांत, जननेंद्रियाच्या ओलसर कातडीवर ती थोड्या प्रमाणात एरवीही मुक्कामाला असते. माणसाच्या अंगीही ती असते. निरोगी शरीरात ती गरीब शेजाऱ्यासारखी राहते. कोणाच्या अध्यात ना मध्यात. मग ती मूत्राशयात का शिरत नाही? आणि शिरलीच तर टिकत का नाही?

याचं उत्तर मूत्राशयाच्या रचनेत आहे. निसर्गानं तिथं चांगला चौकीपहारा ठेवला आहे. पहिली गोष्ट म्हणजे लघवीचा प्रवाह. मूत्राशय भरतं आणि पूर्ण रिकामं होतं. जे काही चुकूनमाकून आत शिरलं असेल ते वाहून जातं. पाटाला पाणी वाहतं असलं म्हणजे त्यात शेवाळ धरत नाही, तशातला हा प्रकार. दुसरी गोष्ट आतलं अस्तर. ते अखंड असलं की जंतूला चिकटायला जागा मिळत नाही. तिसरी गोष्ट रक्तातल्या पांढऱ्या पेशी. शत्रू दिसला की त्या धावून जातात. आणि चौथे पहारेकरी म्हणजे आतड्यांत व कातडीवर राहणारे निरुपद्रवी बॅक्टेरिया. त्यांनी सारी जागा आणि सारं अन्न व्यापलेलं असतं, म्हणून बुरशीला हातपाय पसरता येत नाहीत.

आता हे पहारे कसे उठतात ते पाहू.

पहिलं कारण, प्रतिजैविक औषधांचा अविचारी वापर. शेतकऱ्याला हे समजावून सांगायला नको. दाट पिकात तण माजत नाही. पीक उपटून रान मोकळं केलं, की पहिल्या पावसात तणच वर येतं. प्रतिजैविक औषध रोगाच्या बॅक्टेरियाबरोबर निरुपद्रवी बॅक्टेरियाही मारतं. रान मोकळं होतं आणि बुरशीचं फावतं. बरं, त्या औषधानं बुरशी मरत नाही का? नाही. पेनिसिलीनचंच उदाहरण घ्या. बॅक्टेरियाच्या पेशीभोवती जी भिंत असते, तिचं बांधकाम पेनिसिलीन बंद पाडतं. बुरशीलाही भिंत असते, पण ती निराळ्या द्रव्यांची. तिथं पेनिसिलीनचा काही इलाज चालत नाही.

दुसरं कारण मधुमेह. कुत्र्याला आणि मांजरालाही मधुमेह होतो, हे ऐकून पुष्कळांना नवल वाटतं. रक्तातली साखर एका मर्यादेपलीकडे गेली की ती लघवीत उतरते. लघवीला मुंग्या लागतात ही खूण आपल्याकडे जुन्या काळापासून ठाऊक आहे. रोगाच्या नावातला ‘मधु’ त्याचीच साक्ष देतो. जी साखर मुंग्यांना आवडते ती बुरशीलाही आवडते. तिच्या दृष्टीनं मूत्राशय म्हणजे भरलेलं नीरेचं मडकंच होतं.

तिसरं कारण स्टेरॉइड औषधं. अंगाला खाज सुटली, केस गेले, की कुत्र्याला या गोळ्या किंवा सुया दिल्या जातात. वैद्याच्या देखरेखीखाली त्या उपयोगी आहेत. पण महिनोन् महिने चालू ठेवल्या तर शरीराची प्रतिकारशक्ती त्या दाबून टाकतात. कर्करोगानं किंवा दुसऱ्या दीर्घ आजारानं खंगलेल्या जनावराचीही तीच गत होते.

चौथं कारण मूत्रमार्गातलीच काही खोट. मुतखडा असेल, गाठ असेल, पाठीच्या कण्याला मार लागून मूत्राशय पुरतं रिकामं होत नसेल, किंवा लघवी तुंबली म्हणून रबरी नळी काही दिवस आत ठेवावी लागली असेल. नळी जीव वाचविते, पण तिच्या पृष्ठभागावर बुरशीला बस्तान बसवायला जागा मिळते. काही बोक्यांचा मूत्रमार्ग वारंवार तुंबतो. तेव्हा शस्त्रक्रिया करून त्याचं तोंड रुंद करतात. त्यानंतर जंतूंची वाटही जवळची होते.

या चार कारणांपैकी एखादं तरी मागे उभं असल्याशिवाय बुरशी मूत्राशयात ठाण मांडीत नाही, हा केवळ तर्क नव्हे. अमेरिकेतल्या पशुवैद्यांनी २००३ साली एक निबंध प्रसिद्ध केला. त्यात कॅन्डिडाचा मूत्रविकार झालेल्या १३ कुत्र्यांची आणि ७ मांजरांची टिपणं तपासली होती. या वीसच्या वीस जनावरांत प्रतिकारशक्तीला कुठे ना कुठे खिंडार पडलेलं आढळलं. प्रतिजैविक औषधं नुकतीच दिलेली असणं, हे कारण त्यांत ठळक होतं. याहून लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट पुढेच आहे. ज्या पाच जनावरांची बुरशी साफ गेल्याचं आढळलं, त्यांतल्या तिघांना बुरशीवरचं औषध दिलेलंच नव्हतं! वीस जनावरांचा दाखला काही मोठा नाही, हे खरं. पण त्या लेखकांनी त्यातून काढलेला निष्कर्ष शहाणपणाचा आहे: मूळ कारण दूर करणं हाच या रोगाच्या उपचाराचा कणा आहे.

आता औषधांकडे वळू. बुरशीची पेशी ही बॅक्टेरियाच्या पेशीपेक्षा प्राण्याच्या पेशीला जास्त जवळची आहे. म्हणून बुरशीला मारील आणि जनावराला इजा करणार नाही असं औषध शोधणं फार कठीण जातं. या शोधात आपल्या महाराष्ट्राचाही वाटा आहे. पुण्याजवळ पिंपरीला १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. पेनिसिलीन देशातच तयार व्हावं हा त्याचा हेतू. त्याच कारखान्याच्या प्रयोगशाळेत डॉ. एम. जे. तिरुमलाचार आणि त्यांचे सहकारी यांनी पिंपरीच्याच मातीतल्या एका सूक्ष्म जीवापासून बुरशीनाशक औषध काढलं. कारखान्याच्या आद्याक्षरांवरून त्याला हॅमायसिन असं नाव मिळालं. बॅक्टेरियावरचं औषध एक आणि बुरशीवरचं औषध दुसरं, हा भेद एका छपराखालच्या या दोन कामांतून किती स्पष्ट होतो पाहा.

मूत्राशयातल्या बुरशीसाठी मात्र औषधाला आणखी एक कसोटी असते. ते नुसतं रक्तात जाऊन भागत नाही. ते कार्यक्षम स्वरूपात लघवीत उतरलं पाहिजे. पुष्कळ बुरशीनाशकं इथं मागं पडतात. फ्लुकोनॅझोल हे औषध लघवीत चांगल्या प्रमाणात उतरतं, म्हणून आज पशुवैद्य प्रथम त्याचाच विचार करतात. ते चार-सहा आठवडे द्यावं लागतं आणि मधून मधून लघवी तपासावी लागते. पण कॅन्डिडाच्या काही जाती, उदाहरणार्थ ग्लॅब्राटा, या औषधाला सहज दाद देत नाहीत. म्हणून जात कोणती ते प्रयोगशाळेत ओळखणं अगत्याचं असतं. औषध चालत नसेल तर मूत्राशयात नळीवाटे क्लोट्रिमॅझोलचा द्राव सोडण्याचा उपाय आहे. अँफोटेरिसिन हे जोरकस औषध आहे, पण ते मूत्रपिंडाला जाचक ठरतं. यांतलं कोणतं औषध, किती आणि किती दिवस, हा प्रश्न सर्वस्वी पशुवैद्याचा. लघवीत थोडी बुरशी आहे पण जनावराला कसलाच त्रास नाही, अशा वेळी नळी काढून किंवा नको असलेलं औषध बंद करून नुसती वाट पाहणंही कधी योग्य ठरतं. उलट ज्याची प्रतिकारशक्ती खचली आहे त्याच्या बाबतीत हयगय चालत नाही. बुरशी वर मूत्रपिंडापर्यंत चढते आणि तिचे गोळे होऊन मार्ग तुंबू शकतो. लघवी अल्कधर्मी करण्यासाठी पूर्वी क्षार देत असत; आज त्यावर कोणी विसंबत नाही. तेव्हा घरच्या घरी खाण्याचा सोडा पाजण्याच्या फंदात पडू नये.

इथं मांजरांविषयी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. तरण्या मांजराला लघवीचा त्रास झाला म्हणजे तो जंतूंमुळेच असेल असं मुळीच नाही. पुष्कळदा त्यात ना बॅक्टेरिया असतो, ना बुरशी. घर बदललं, नवं जनावर आलं, पाणी कमी पडलं, अशा ताणानंही मूत्राशयाचा दाह होतो. अशा मांजराला तपासणीवाचून प्रतिजैविक औषध देणं म्हणजे चोर नसताना गावचा पहारेकरी झोडपून काढणं होय. आणि मग खरा चोर येतो.

म्हणून मुख्य सांगणं हे, की औषधाच्या आधी लघवी तपासून घ्या. नमुना कसा घ्यायचा? सकाळी कुत्रा फिरायला नेला की स्वच्छ धुऊन वाळविलेली पसरट वाटी काठीला बांधून धारेखाली धरावी. पहिली धार जाऊ द्यावी, मधली घ्यावी. ती स्वच्छ, झाकणाच्या बाटलीत घालून शक्य तो तासाभरात दवाखान्यात पोचवावी. उशीर होणार असेल तर फ्रिजमध्ये ठेवावी, पण गोठवू नये. उन्हात राहिलेल्या बाटलीत जंतू वाढतात आणि तपासणी फसते. जमिनीवरून टिपून घेतलेली लघवी तर उपयोगाचीच नाही, कारण मातीतली बुरशी तिच्यात येणारच. खात्रीच्या तपासणीसाठी पशुवैद्य पोटावरून बारीक सुईनं थेट मूत्राशयातली लघवी काढतात. ऐकायला भयंकर वाटतं; पण सरावलेल्या हातानं ते चटकन होतं आणि जनावराला फारसा त्रास होत नाही. बुरशी दिसली तरी ती बाहेरून मिसळलेली नाही ना, हे पाहण्यासाठी दुसऱ्यांदा नमुना घेणं हिताचं.

सूक्ष्मदर्शकाखालीही फसगत होऊ शकते. मेदाचे थेंब आणि तांबड्या रक्तपेशी किण्वासारख्याच गोल दिसतात. पण मेदाचे थेंब लहानमोठे असतात, आणि रक्तपेशीला निवडुंगासारखा फुगवटा फुटलेला नसतो. शंका राहिली तर लघवीचा अंश साबुरो नावाच्या खाद्यावर पेरून वाढवितात. रेमों साबुरो हा बुरशीच्या रोगांचा मोठा फ्रेंच अभ्यासक. त्याचं नाव या खाद्याला मिळालं आहे. क्वचित लघवीत अस्परजिलस किंवा क्रिप्टोकोकस अशा दुसऱ्या बुरशी निघतात. त्या निघाल्या तर रोग मूत्राशयापुरता नसून सर्वांगात पसरला असण्याची शक्यता असते.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना यातला एक भाग वर्गात करून दाखविता येईल. दोन बाटल्यांत कोमट पाणी घ्या. दोहोंत बेकरीतलं यीस्ट थोडं थोडं टाका. एकीतच साखर घाला. दोन्ही बाटल्यांच्या तोंडांना फुगे बांधा. थोड्या वेळानं साखरेच्या बाटलीवरचा फुगा उभा राहील, दुसरा तसाच लोंबत राहील. मधुमेही कुत्र्याच्या मूत्राशयात बुरशी का माजते ते मुलांना यावरून कळेल.

आता माणसांना यापासून काही धोका आहे काय? कॅन्डिडाचा हा विकार कुत्र्या-मांजराकडून माणसाला लागतो असं मानीत नाहीत. मुलांच्या अंगावर मांजराच्या पिलांमुळे जे गजकर्ण उठतं ते निराळ्या बुरशीचं. पण जनावरांच्या लघवीतून माणसाला होणारा एक गंभीर रोग आहे, तो म्हणजे लेप्टोस्पायरोसिस. तो बुरशीचा नव्हे, बॅक्टेरियाचा. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईत त्याची मोठी साथ आली होती. उंदरांची व कुत्र्यांची लघवी पुराच्या पाण्यात मिसळते आणि पायाच्या जखमेतून जंतू शिरतात. आमच्या उल्हास नदीकाठच्या लोकांना पुराचं पाणी नवं नाही. तेव्हा आजारी जनावराची लघवी साफ करताना हातात मोजे घाला, नंतर साबणानं हात धुवा. पायाला जखम असेल तर ती झाकून ठेवा.

दोन गोष्टींत मात्र घटकाभरही थांबू नये. बोका लघवीसाठी जोर करतो आहे आणि थेंबही येत नाही, असं दिसलं तर मार्ग तुंबला असं समजून त्याच वेळी त्याला दवाखान्यात न्या. रात्र काढली तर तो दगावू शकतो. बद्धकोष्ठ समजून एरंडेल पाजीत बसू नये. आणि दुसरी गोष्ट, माणसाची वेदनाशामक गोळी मांजराला कदापि देऊ नये. पॅरासिटामॉल मांजराला विषासारखं बाधतं.

सोय कुठे आहे म्हणाल, तर जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात आधी चौकशी करावी. पशुसंवर्धन विभागाच्या फिरत्या पथकासाठी १९६२ हा दूरध्वनी क्रमांक आहे. गुंतागुंतीचं दुखणं असेल तर मुंबईला परळ येथे १८८६ साली स्थापन झालेलं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे आणि त्याच आवारात बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचं जनावरांचं मोठं रुग्णालय आहे. शहाड-कल्याणकडून लोकलनं दादर गाठलं की परळ हाकेच्या अंतरावर येतं.

जाताना एक कागद बरोबर न्या. गेल्या दोन महिन्यांत जनावराला कोणती औषधं दिली, किती दिवस दिली, मध्येच बंद केली का, अंगाच्या खाजेवर काही गोळ्या चालू आहेत का, ते पाणी फार पितं का, वाळत चाललं आहे का, हे त्यावर लिहा. शाळेतल्या मुलाकडून लिहवून घेतलं तरी चालेल. मुकं जनावर आपली हकिकत सांगू शकत नाही. ती त्याच्या धन्यानंच सांगायची असते, आणि या रोगात तर अर्धं निदान त्या हकिकतीतच असतं.